कृष्णेकडून सावित्रीकडे

‘घाट’ हा शब्द आपल्या भाषेंत मोठा सोयीचा आहे. नदीच्या पायऱ्यांनाही घाट म्हणतात आणि डोंगर उतरणाऱ्या वाटेलाही घाटच म्हणतात. शिवाय भांड्याचा घाट निराळा, आणि लग्नाचा घाट घालणें तें आणखी निराळें. वाईस आल्यावर यांपैकीं पहिले दोन अर्थ एकाच दृष्टिक्षेपांत येतात. खालीं कृष्णेचे दगडी घाट, आणि मान वर केली कीं डोंगराच्या अंगावर नागमोडी चढत गेलेला पसरणीचा घाट. दोहोंचें काम एकच. माणसाला उंचावरून खालीं, न घसरतां, पोंचविणें. नदीच्या घाटाला पायऱ्या आहेत, डोंगराच्या घाटाला त्या नाहींत. तेथें पायरीचें काम मोटारीच्या ब्रेकाला करावें लागतें; आणि तो ब्रेक ज्याच्या जोरावर उभा असतो तो पॅड नांवाचा पदार्थ आपल्या तळहातापेक्षां लहान आणि बोटभर जाडीचाही नसतो. प्रवासाच्या लेखांत असला विषय कोठून आला असें कोणी विचारील. पण ज्याला कुटुंबासह मोटारीनें सह्याद्रि उतरावयाचा आहे त्याच्या प्रवासाचा हा अर्धा भाग होय असें माझें मत झालें आहे.

आमचें कुलदैवत हरिहरेश्वर. कार्तिक वद्य अष्टमीस, म्हणजे कालभैरवाच्या जयंतीस, तेथें अभिषेक व्हावा असा आमच्या वहिनींचा फार दिवसांचा संकल्प होता. वहिनींचें वय अठ्ठ्याहत्तर. पुण्याहून ताम्हिणीच्या वाटेनें कोंकणांत उतरणें जवळचें. परंतु त्यांना कृष्णा आणि सावित्री या दोन्ही नद्यांचे उगम एकदां डोळ्यांनीं पाहावयाचे होते. क्षेत्र महाबळेश्वरीं पंचगंगेच्या देवळांत ज्या पांच नद्यांचे उगम मानतात त्यांत या दोघी आहेत. एक वाईवरून पूर्वेकडे निघते ती बंगालच्या उपसागरास मिळेपर्यंत थांबत नाहीं. दुसरी पश्चिमेचा कडा उतरून, पोलादपूर, महाड करीत, हरिहरेश्वराजवळ अरबी समुद्रास मिळते. तेव्हां वाईस कृष्णा पाहावी, वर चढून उगम पाहावा, आणि सावित्रीच्या सोबतीनें उतरून देवापाशीं जावें, असा मार्ग ठरला. गाडी पुतण्याची, बसणारीं आम्ही सहा जणें, त्यांत दोन नातवंडें. सप्तमीस पहांटे निघालों.

खंबाटकीचा घाट चढून पलीकडे उतरतांना पुढच्या डाव्या चाकापाशीं एक बारीक, किरटा आवाज येऊं लागला. पाटीवर खिळा ओढावा तसा. पुतण्या म्हणाला, “काका, धूळ अडकली असेल, जाईल आपोआप.” धुळीचाही आवाज येतो, हें खरें, पण हा आवाज एका वळणानंतर गेला नाहीं, दहा वळणांनंतरही गेला नाहीं. बहुतेक पॅडांच्या पाठीच्या पत्र्यावर पोलादाची एक लहानशी पट्टी मुद्दाम बसविलेली असते. पॅड झिजत झिजत दोन-तीन मिलिमीटरांवर आला कीं ही पट्टी फिरत्या डिस्कला लागते आणि किंचाळूं लागते. दुधाच्या कुकराची शिट्टी जें काम करते तेंच हिचें काम. या शिट्टीनंतरही गाडी चालतच राहते, आणि धोका आहे तो त्यांतच. पुढें घासण्याचा मसाला संपून नुसता पत्रा डिस्कवर घासूं लागतो, आवाज खरखरीत होतो, आणि मग पॅडाबरोबर डिस्कही जाते.

सुरूरच्या फाट्यावरून वाईस वळलों. गांवाच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या शेडींत एक मिस्त्री भेटले. त्यांनीं आवाज ऐकतांच कांहीं न बोलतां चाक काढलें आणि मला जवळ बोलाविलें. “गुरुजी, वाजलं म्हणून वाचलं. हा बाहेरचा पॅड बगा, निम्मा हाय. आन् हा आतला, निस्ता पत्रा ऱ्हायलाय.”

येथें यंत्राची रचना थोडी सांगितली पाहिजे. चाकाबरोबर एक लोखंडी तबकडी फिरते, ती डिस्क. तिच्या दोन्ही अंगांस दोन पॅड असतात, आणि त्यांना कवेंत घेऊन बसलेला जो चिमटा तो कॅलिपर. पेडल दाबलें कीं तेलाच्या दाबानें कॅलिपरांतील पिस्टन आंतल्या पॅडाला ढकलतो. त्याबरोबर सगळा कॅलिपर दोन पिनांवर उलट अंगास सरकतो आणि बाहेरच्या पॅडालाही ओढून घेतो. या पिना मोकळ्या सरकल्या तर दोन्ही पॅड सारखे झिजतात. आमच्या गाडींत एका पिनेवरचें रबर फाटून आंत पाणी गेलें होतें, पिन गंजून बसली होती, आणि सारा भार एकट्या आंतल्या पॅडावर पडत होता. दोनच महिन्यांपूर्वीं पुण्यांतील एका सर्व्हिस केंद्रानें ‘ब्रेक पन्नास टक्के शिल्लक’ असा कागद लिहून दिला होता. त्यांचें नांव येथें नको. चाक न काढतां फटींतून पाहिलें म्हणजे बाहेरचाच पॅड दिसतो, आणि तो पन्नास टक्के होता, हें खोटें नाहीं. वहीचें वेष्टण पाहून आंतील गणितें तपासणारे मास्तर मीं पाहिले आहेत, हे त्यांतलेच.

पुतण्याला घाई होती. ब्रेक लागतो आहे, घाट चढतांना ब्रेक लागतच नाहीं, पोलादपूरला उतरून तेथें बदलूं, असें त्याचें म्हणणें. यावर मीं त्याच्याच वहींत एक हिशेब मांडला. महाबळेश्वरापासून पोलादपूरपर्यंत उतार बाराशे मीटरांहून अधिक. आमची गाडी माणसांसकट दीड टन धरली, तर एवढी उंची उतरतांना तिच्या ठायींची सुमारे १ कोटी ७६ लक्ष ज्यूल शक्ति कोठें तरी खर्ची पडली पाहिजे. ती नाहींशी होत नाहीं. तिची उष्णता होते. एवढ्या उष्णतेंत ५६ लिटर गार पाण्याला उकळी फुटेल, म्हणजे आपल्या जुन्या घरांतील तांब्याचे दोन-तीन बंब. यांतला कांहीं वांटा वारा आणि इंजिन उचलतात. उरलेला सारा त्या तळहाताएवढ्या तुकड्यांनीं सोसावयाचा. आणि जो तुकडा मुळीं उरलाच नाहीं तो काय सोसणार? सूनबाई इतका वेळ गप्प होत्या. त्यांनीं वही हातांत घेतली, वाचली, आणि मुलांच्या पिशव्या गाडींतून काढून शेडींत ठेवल्या.

अडचण अष्टमीची होती. आज येथें थांबलों तर उद्यां सकाळचा अभिषेक साधत नव्हता, आणि तें वहिनींना सांगावें कोणीं? पण त्यांनीं सर्व ऐकलें होतें. म्हणाल्या, “भाऊजी, देव समुद्राकांठीं बसला आहे, तो कोठें जात नाहीं. भटजींना फोन करून नवमी सांगा.” त्यांच्या तोंडावर कांहीं दिसलें नाहीं, पण त्यानंतर बराच वेळ त्या जप करीत बसल्या होत्या, हें मीं पाहिलें.

मग पॅड निवडण्याचें काम. बाजारांतील सुट्या भागांच्या दुकानीं मी आणि पुतण्या गेलों. दुकानदारानें फळीवर तीन पेट्या मांडल्या. पहिली नऊशे रुपयांची. तिच्यावरचें चित्र एका प्रसिद्ध कंपनीच्या चित्रासारखें, परंतु नांवांत एक अक्षर कमी. तिच्यांतील पॅडाच्या कडेवर कांहींच छापलेलें नव्हतें. दुसऱ्या दोहोंवर अंक होते आणि शेवटीं दोन इंग्रजी अक्षरें होतीं. हीं अक्षरें वाचावयास शिकलें पाहिजे; तीं घर्षणाचीं आहेत. पहिलें अक्षर साधारण उष्णतेंतील पकड सांगतें, दुसरें पॅड तापल्यावरची. ‘ई’ म्हणजे घर्षणाचा गुणक पाव ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५, ‘जी’ म्हणजे त्याहून वरचा. घाटांत जावयाचें असेल तर दुसरें अक्षर महत्त्वाचें. ‘एफ-ई’ असें असेल तर हा पॅड तापला कीं पकड सोडणार, असें त्यानें स्वतःच कबूल केलेलें असतें. दुकानदाराला हें ठाऊक नव्हतें, पण त्याला वाईट वाटलें नाहीं. उलट त्यानें भिंग आणून दिलें.

मसाल्याचेही प्रकार आहेत. तंतू आणि राळ यांचा मऊ पॅड आवाज करीत नाहीं, डिस्कला जपतो, शहरांत उत्तम. पण लौकर झिजतो आणि फार तापल्यास लौकर ढिला पडतो. धातूचा चुरा घातलेला पॅड उष्णता चांगली सोसतो. मात्र थंडपणीं थोडा कुरकुरतो, डिस्क खातो आणि चाकावर काळी भुकटी टाकतो. सिरॅमिक म्हणतात तो शांत, भुकटी थोडी, आणि किंमत जास्त. एके काळीं या मसाल्यांत ॲस्बेस्टॉस सर्रास घालीत. त्याची धूळ फुप्फुसांत जाऊन कर्करोग होतो, म्हणून पेटीवर ‘ॲस्बेस्टॉस नाहीं’ असें छापलेलें आहे कीं नाहीं तें पाहिल्याशिवाय पैसे देऊं नयेत. आम्हीं गाडीच्या मूळ कंपनीचा, ‘एफ-एफ’ अक्षरांचा जोड मागितला. गाडीचें वर्ष आणि चासी नंबर सांगितल्यावर कळलें कीं दुकानांतील जोड आमच्या गाडीच्या आधींच्या वर्षांचा आहे. बरोबरचा साताऱ्याहून येईल, दोन वाजतील. किंमत अठराशे. पुतण्या पुन्हां पहिल्या पेटीकडे पाहूं लागला तेव्हां दुकानदारच म्हणाला, “साहेब, ती घाटात जाणाऱ्याला मी देत नाही.” असा दुकानदार भेटणें हें त्या गांवाचें पुण्य म्हणावें.

मधल्या वेळांत वाई पाहिली. ढोल्या गणपतीचें देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनीं १७६२ सालीं बांधलें. मूर्ति पाहून सर्व परत फिरतात. देवळाची पाठ फार थोडे पाहतात. ती भिंत सपाट नाहीं, माशाच्या आकाराची निमुळती आहे, कृष्णेला पूर आला तर पाण्याचा लोंढा तिच्यावर दुभागून दोहों अंगांनीं निघून जावा म्हणून. नातवंडांना हें फार आवडलें. दोघांनीं दोन बाजूंनीं धांवत जाऊन पाणी कसें जात असेल तें करून दाखविलें. मराठी विश्वकोशाचें काम ज्या गांवीं चाललें, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी जेथें राहिले, तेथील प्राज्ञपाठशाळेवरून जातांना माझे पाय थबकले. परंतु हा विषय दोन ओळींचा नाहीं आणि आजचा नाहीं. मेणवलीस नाना फडणिसांचा वाडा जवळच, तोही राहिला.

दोन वाजतां पॅड आले. मिस्त्रींनीं पहिलें काम केलें तें जुने-नवे पॅड जोडीनें जमिनीवर मांडण्याचें. आकार, दोन्हीकडचे कान, पट्टीची बाजू, पत्र्याची जाडी, सगळें ताडून पाहिलें. “पेटीवर कायबी लिवलेलं असू द्या, जुन्याशी जुळलं तरच आपलं.” उजव्या चाकाचे पॅड बरे होते, तरी तेही बदलावयाचे, एका अंगाचा ब्रेक नवा आणि दुसरा जुना असला तर गाडी ब्रेक लागतांच एका बाजूस ओढते, आणि घाटांत एका बाजूस दरी असते.

गाडी सपाट जागीं, हँडब्रेक ओढून, गिअरांत ठेविलेली, मागच्या चाकांना दगड. नट जमिनीवरच सैल केले, मग जॅक लावला. आणि जॅकवर भरंवसा न ठेवतां खालीं लोखंडी घोडी लावून काढलेलें चाकही गाडीच्या पोटाखालीं आडवें सरकवलें. कॅलिपराचा खालचा बोल्ट काढून तो पेटीच्या झांकणासारखा वर उचलला आणि तारेनें बांधला, म्हणजे तेलाच्या नळीवर ताण येत नाहीं. धाकटा नातू भुकटी फुंकावयास पुढें सरसावला, त्याचा हात मिस्त्रींनीं वरच्यावर धरला. ती भुकटी फुंकावयाची नाहीं, ओल्या फडक्यानें पुसावयाची. गंजलेली पिन पॉलिश पेपरानें घासून, नवें रबर चढवून, उष्णता सोसणारें खास ग्रीस लाविलें. साध्या ग्रीसानें रबर फुगतें. डिस्कवर तिची कमींत कमी चालणारी जाडी कोरलेली असते, ती व्हर्नियरनें मोजून पाहिली, चालण्याजोगी निघाली. मग क्लॅम्प लावून पिस्टन हळूहळू आंत ढकलला, एक डोळा वरच्या तेलाच्या डब्यावर ठेवून, कारण पिस्टन मागें गेला कीं तेल वर येतें, आणि तें उतूं गेलें तर गाडीचा रंग खातें. नव्या पॅडांच्या घासणाऱ्या तोंडाला मात्र ते कोणाला बोट लावूं देईनात. सोंवळ्याच्या वस्तूंना आमच्या घरीं जें संरक्षण असे तें मला त्या वेळीं आठवलें, आणि येथें त्याला कारणही होतें. ग्रीसाचें एक बोट लागलें तरी पकड जाते.

तेल काळें पडलें होतें. ब्रेकाचें तेल हवेंतील पाणी शोषून घेतें. ‘डॉट ४’ जातीचें नवें तेल २३० अंशांपर्यंत उकळत नाहीं, पण पाणी मुरल्यावर तीच मर्यादा १५५ पर्यंत खालीं येऊं शकते. घाटांत तें उकळलें तर नळींत वाफ धरते, आणि वाफ दबते, तेल दबत नाहीं, म्हणून पेडल पोकळ होऊन खालीं जातें. दोन वर्षांनीं बदलावयाचें तेल तीन वर्षें झालीं तरी तेंच होतें. पुतण्या आंत बसून पेडल दाबून धरीत होता, मिस्त्री एकेका चाकाशीं जुनें तेल सोडीत होते. “दाबा, धरा, सोडा” हा त्यांचा पाठ अर्धा तास चालला.

सगळें झाल्यावर पुतण्यानें ब्रेकावर पाय ठेविला तों पेडल थेट तळाशीं गेलें. त्याचा चेहरा उतरला. मिस्त्री हंसले. पिस्टन मागें ढकललेले असतात, ते पुन्हां पॅडाला भिडेपर्यंत पांच-सहा वेळां पेडल मारावें लागतें, आणि तें गाडी हालण्यापूर्वीं मारावयाचें. हें विसरून गॅरेजांतून निघतांच समोरच्या भिंतीवर गेलेली गाडी त्यांनीं पाहिलेली होती.

तरीही त्यांनीं त्या दिवशीं आम्हांस घाटांत जाऊं दिलें नाहीं. नवा पॅड आणि जुनी डिस्क यांची अजून ओळख व्हावयाची असते; दोहोंचीं तोंडें एकमेकांस पुरीं बसलेलीं नसतात. सुरूरच्या सपाट रस्त्यावर पन्नासाच्या वेगावरून वीसवर, हळूहळू, मध्यें गार होऊं देत, असें पंचवीस-तीस वेळां करावयास सांगितलें. पुतण्यानें तें संध्याकाळीं केलें. रात्रीं वाईसच मुक्काम.

अष्टमीस सकाळीं पसरणीचा घाट चढलों. शाहीर साबळ्यांचें हें पसरणी. पांचगणीपर्यंतची ही पांचशे मीटरांहून अधिक चढण गाडीला जड गेली, ब्रेकाला कांहींच नाहीं. क्षेत्र महाबळेश्वरीं गोमुखांतून पडणारें पाणी वहिनींनीं ओंजळींत घेतलें आणि मुलांच्या डोक्यांवर शिंपडलें.

तेथून खालची वाट जुन्या काळापासून कठीण म्हणून प्रसिद्ध आहे. १६५९ सालीं वाईहून निघालेला अफजलखान जावळींत उतरला तो ज्या घाटानें, त्याचें नांवच रडतोंडी. आजचा आंबेनळीचा घाट निराळा, पण स्वभाव तोच. २८ जुलै २०१८ रोजीं दापोलीच्या कृषि विद्यापीठांतील मंडळींची बस या घाटांत दरींत कोसळली, आणि तींतून एकच जण वांचला. ब्रेकामुळें तसें झालें असें मी म्हणत नाहीं. पण त्या वळणांवरून जातांना कोणी मोठ्यानें बोलत नव्हतें. २०२१ च्या जुलैंतील अतिवृष्टीनें हा रस्ता ठिकठिकाणीं खचला होता.

कठोपनिषदांत शरीराला रथ, बुद्धीला सारथी आणि मनाला लगाम म्हटलें आहे. ब्रेकाचा उल्लेख तेथें नाहीं. घोडे उताराला लगामानेंच आवरीत. मोटारीचे घोडे म्हणजे इंजिन, आणि त्याचा लगाम म्हणजे गिअर. ज्या गिअरांत घाट चढावा लागेल त्याच गिअरांत तो उतरावा. इंजिन चाकांना मागें धरून ठेवतें आणि पॅडांवरचा भार हलका होतो. उतारावर न्यूट्रल करून पेट्रोल वांचविणारे, किंवा इंजिनच बंद करणारे, लगाम सोडून देतात. इंजिन बंद झालें कीं ब्रेकाला मिळणारी मदतही जाते आणि पेडल दगडासारखें होतें. पुतण्यानें दुसरा गिअर सोडला नाहीं. वळणाआधीं ब्रेक नीट दाबावयाचा आणि मग पाय पुरा उचलावयाचा. सारखा अर्धवट पाय ठेवला तर पॅडांना श्वास मिळत नाहीं. प्रतापगडाच्या पायथ्याशीं कुंभरोशीस पंधरा मिनिटें थांबलों. चाकाजवळ हात नेला, डिस्कला न लावतां. ऊब होती, जळका वास नव्हता.

पोलादपूरला चहा घेत असतां मिस्त्रींचा फोन आला. “वास आला का? पेडल वरच हाय न्हवं? मग चाकाचे नट एकदा बगून घ्या, समोरासमोरचे आवळा.” पुतण्यानें पाना काढून पाहिलें, डाव्या चाकाचा एक नट पाव फेरा आंवळला गेला. वहिनी तोंवर मुलांना घेऊन नदीच्या बाजूस गेल्या होत्या. सकाळीं ओंजळींत मावलेली सावित्री येथें चांगली नदी होऊन वाहत होती, आणि धाकटा नातू हीच का ती म्हणून त्यांना पुन्हां पुन्हां विचारीत होता.